बिनफोडणीचं वरण

परबकाकूंच्या उंबरठ्यावर माझ्या मुलीची रोज सकाळी झडती व्हायची. आधी मानेमागे उलटा हात, मग जीभ बाहेर, मग फ्रॉक वर करून पोट आणि पाठ. एवढं झालं की काकू बाजूला सरायच्या आणि पूर्वा त्यांच्या हाताखालून आत पळायची. मी घड्याळाकडे बघत उभी. ऑफिस अंधेरीला, उशीर झाला की मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. पण काकूंना कुणाची घाई चालत नसे.

"तुझो सायब थांबतलो," त्या म्हणायच्या. "ताप थांबना नाय."

ही दहिसरची गोष्ट. नदीच्या एका अंगाला बैठ्या चाळी होत्या आणि दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्यांच्या नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. सोसायटीत घरटी दोघं नोकरी करणारे, आणि मुलं सांभाळायला कोणी नाही. चाळीत परबकाकूंच्या दोन खोल्या. पुढची मोठी, मागची लहान. त्यांचे यजमान तात्या गिरणीत होते. संप झाला, गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही, आणि तात्या दारातल्या बाकावर बसले ते बसलेच. काकूंनी महिनाभर वाट पाहिली आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून लोकांची मुलं सांभाळायला घेतली. आमच्या सोसायटीतली आली, चाळीतली आली, कोपऱ्यावरच्या गुजराती कापडवाल्याचा नातू आला, गावठाणातल्या मेरी टीचरची मुलगी आली. सगळी एकाच सतरंजीवर लोळायची आणि महिन्याभरात मालवणीत भांडायला लागायची.

काकू ठेंगण्या आणि रुंद होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, एका हातात काचेच्या बांगड्या आणि दुसऱ्यात स्टीलचं कडं. मुलांशी लाडे लाडे बोलणं त्यांना जमायचं नाही. कुणाचा पापा घेताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. चार वर्षांच्या मुलीला त्या "काय पूर्वाबाई, आज घावणे चलतले मां?" असं विचारायच्या आणि उत्तराची खरोखर वाट बघायच्या. मला वाटतं, मुलं त्यांच्यावर जीव टाकायची ती यासाठीच.

आणि त्या फोडणीसाठी. दुपारी मुलं दोन रांगांत मांडी घालून बसली की काकू वरणाचं पातेलं मधोमध आणून ठेवायच्या. मग लोखंडी पळीत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण लाल करून ती पळी सगळ्यांच्या देखत वरणात बुडवायच्या. छन्न! मुलं टाळ्या वाजवायची. लसणाचा वास पार नळापर्यंत जायचा. घरी माझं वरण पूर्वा बाजूला सारायची. "तू छन्न करत नाहीस."

काकूंच्या दारातून परत जाण्याची नामुष्की प्रत्येक आईबापाच्या वाट्याला कधी ना कधी आली होती. आमच्या सोसायटीतले एक साहेब मुलाला तापाची गोळी देऊन घेऊन आले. पोराचं अंग गार लागत होतं. काकूंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग त्याचं तोंड हुंगलं.

"गोळी कधी दिलास?"

"कसली गोळी? अहो, एकदम ठणठणीत आहे तो."

"सायबानू, गोळयेन ताप लपता. जाना नाय. घराक घेवन जावा."

"माझी मीटिंग आहे हो!"

"मगे त्याका मीटिंगेक न्हेवा."

तात्या बाकावर बसल्या बसल्या हसले. साहेबांनी मुलाला उचललं आणि रजा टाकली. त्यांच्या बायकोनं संध्याकाळी सोसायटीत थयथयाट केला, पण मूल दुसरीकडे घालायची भाषा तिनंही केली नाही. आमचा सगळा विश्वास त्या उंबरठ्यावरच तर होता.

मग ते डोळ्यांच्या साथीचं वर्ष आलं. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये काम करणारी पोरं लाल डोळे घेऊन चाळीत आली, त्यांच्याकडून शाळेत, शाळेतून आमच्या सोसायटीत. आठवड्याभरात अख्खं दहिसर काळे चष्मे लावून फिरत होतं. काकूंनी प्रत्येक मुलाला वेगळा पंचा केला, कडेला वेगळ्या रंगाचा दोरा घातला आणि खिळ्याला टांगला. दुसऱ्याच्या पंच्याला हात लावला की स्टीलचं कडं डोक्यात बसायचं. आजूबाजूला सगळीकडे डोळे आले. काकूंच्या सतरंजीवर एकाचेही आले नाहीत. मी कौतुकानं काही बोलले, तर त्यांनी हात झटकला.

"साथ काय चलत येना नाय गो. तुमीच तिका कडेवर घेवन येतास."

हे वाक्य मी ऑफिसात कितीतरी जणींना ऐकवलं. आपल्या ओळखीत असं माणूस आहे याचा मला तेव्हा अभिमान होता.

शैला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. शाळेत शिक्षिका. तिचा केदार पूर्वाच्याच वयाचा. आम्ही दोघी सकाळी मुलांना घेऊन एकत्रच काकूंकडे जायचो. शैला फटकळ होती, काकूंची चेष्टा करायची तिला एकटीलाच मुभा होती. "काकू, माझीही जीभ बघा. शाळेत जाऊ नको म्हणा, प्लीज," असं म्हणून ती उंबरठ्यावर जीभ काढून उभी राहायची.

तिला पुन्हा दिवस गेले. मधल्या काळात एकदा गर्भपात झाला होता, त्यामुळे या वेळी ती जरा धास्तावलेली होती. डॉक्टरांनी विचारपूस केली तेव्हा निघालं, की तिला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं, मुलांना आल्या तर आठवडाभराचा खेळ, मोठ्यांना आल्या तर मोठं दुखणं, आणि बाळंतपणाच्या तोंडावर आईला आल्या तर बाळाचं काही सांगता येत नाही. दूर राहायचं.

दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर ती चेष्टा न करता बोलली.

"काकू, इथे कुणाला कांजिण्या, गोवर, काहीही निघालं तर मला आधी सांगायचं हं. त्याच दिवशी. मी केदारला घेऊन सरळ आईकडे जाईन मुलुंडला."

काकूंनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. असं करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"अगो, तुझ्यापासून माका काय लपवचा असा?"

काकूंची एकुलती एक मुलगी बेबी. वय तेवीसच्या आसपास, टायपिंग शिकलेली, दिसायला चांगली. आईनं लोकांची पोरं सांभाळून तिला शिकवलं होतं. माघात तिचं लग्न जमलं. मुलगा गोरेगावचा, कायम नोकरीतला, माणसं चांगली. चैत्रात लग्न ठरलं. काकूंनी मुलांच्या हातावर साखर ठेवली आणि त्या दिवशी सगळ्या आयांना दारातच चहा पाजला. मी ऑफिसला उशिरा पोचले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बेबी दिसेनाशी झाली.

"गावाक गेली," काकू म्हणाल्या. "कुळदेवीची ओटी भरूक."

मागच्या खोलीचं दार बंद असायचं. पूर्वानं घरी येऊन सांगितलं, की आत मांजरीनं पिल्लं घातली आहेत. दार उघडलं तर मांजर पिल्लांना घेऊन निघून जाईल, म्हणून कुणी उघडायचं नाही. आतून खोकल्यासारखा आवाज येतो, तो मांजरीचा. पूर्वाला त्या मांजरीनं झपाटलंच. रोज सकाळी ती माझ्याकडून एका छोट्या डबीत दूध भरून घ्यायची आणि काकूंच्या हातात द्यायची. काकू डबी घ्यायच्या. संध्याकाळी ती धुऊन परत मिळायची.

"प्यायली का?" पूर्वा विचारायची.

"सगळा," काकू म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट पूर्वानं सांगितली. काकू आता छन्न करत नाहीत. मी एकदा मध्येच दुपारी तिला न्यायला गेले होते तेव्हा मलाही जाणवलं, गल्लीत लसणाचा वास नव्हता. मुलांच्या ताटात पांढरं वरण आणि दहीभात.

"तात्यांचा पोट बिघडलाहा," काकू म्हणाल्या. "कोणाकोणासाठी वेगळा करू?"

बाकावरच्या तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दाढी वाढलेली होती. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

पंधराएक दिवसांनी मुलांना फोड यायला लागले. पहिला कापडवाल्याचा नातू, मग मेरी टीचरची मुलगी, मग केदार, मग पूर्वा. आणि मग ती साथ काकूंच्या सतरंजीवरून उठून घरोघरी गेली. चाळीत दारोदार कडुलिंबाचे डहाळे लागले, मासळी बंद झाली. कापडवाल्यांकडे चूल थंड ठेवून कालचं शिळं खायचं व्रत झालं. मेरी टीचरनं गुलाबी औषध फासून मेणबत्ती लावली. आमच्या सोसायटीत मात्र कुणी काही लावलं नाही. तिथे साथ लपवली जात होती. दहावीच्या मुलाच्या अंगावर लांब बाह्यांचा शर्ट घालून, परीक्षा बुडू नये म्हणून. पोरं फोड मोजत खेळत होती. त्यांचे बाप आडवे झाले ते उठेनात. म्हातारेकोतारे तेवढे निवांत होते. त्यांच्या येऊन गेलेल्या होत्या.

केदारच्या पोटावर पहिला फोड दिसला त्या दिवशी शैला माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिला नववा लागला होता.

"गेले दोन दिवस हा माझ्या कुशीत झोपतोय गं," ती म्हणाली. "आता मुलुंडला जाऊन काय करू? आईकडे वाटत फिरू?"

"निघणारही नाही तुला कदाचित."

"हो ना," ती म्हणाली. "कदाचित."

पूर्वा घरी होती म्हणून माझ्या सासूबाई मदतीला आल्या. मी स्वयंपाकाला उभी होते. वरण उकळत होतं आणि मी, पोरीला बरं वाटावं म्हणून, पहिल्यांदाच लोखंडी पळीत लसूण घातला होता. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"घरात बाया आल्यात आणि तू फोडणी कसली देतेस? तडतडलेलं तेल देवीला चालत नाही. सात दिवस सगळं पांढरं. आणि माझ्या मुलाला सांग, दाढी करायची नाही."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. सासूबाईंशी त्यावरून वाद घालायची माझी तयारीही होती. पण मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. पांढरं वरण. दहीभात. तात्यांची दाढी. दाराआडचा खोकला. गावाला गेलेली बेबी.

काकूंनी दारावर कडुलिंब लावला नव्हता, कारण तो सगळ्यांना दिसला असता. पण फोडणी बंद केली होती. आम्हां सगळ्यांना त्या बिनदिक्कत फसवू शकत होत्या, देवीला फसवायची त्यांची छाती झाली नाही.

मी गॅस बंदच ठेवला, चपला घातल्या आणि चाळीत गेले. सतरंजी गुंडाळून ठेवलेली, मुलं कोणीच नव्हती. काकू उंबरठ्यावर तांदूळ निवडत होत्या, तात्या बाकावर. मागच्या खोलीचं दार आता उघडं होतं आणि आत बेबी आरशासमोर बसून कपाळाला काहीतरी चोळत होती. मला बघून तिनं आरसा पालथा घातला.

"बेबी गावाहून कधी आली?" मी विचारलं.

काकू तांदूळ निवडत राहिल्या.

"कधी गेली होती, ते तरी सांगा."

"मी सांगितलेलं हिला," तात्या म्हणाले. "त्या दोन जिवांच्या मास्तरीणबाईंना तरी सांग, म्हटलं."

"तुमी गप ऱ्हवा." मग माझ्याकडे न बघता, "लगीन ठरलेला. तेवीस वर्षांच्या चेडवाच्या तोंडार फोड. गोरेगावात कळला असता तर? लगीन मोडला असता तर परत कोण जुळवतलो? तू?"

"बेबीच्या दुखण्याचं कुणाला सांगू नका म्हटलं असतंत तर आम्ही मेलो तरी बोललो नसतो. चार आठवडे मुलं घरी ठेवली असती. काकू, साहेबांच्या पोराचं तोंड हुंगून त्याला परत पाठवणाऱ्या तुम्ही!"

"मी दार बंद ठेवलेलंय. एकाकव आत जावक दिलंय नाय. देवीचा सगळा केलंय."

"देवीचं केलंत. शैलाला शब्द दिला होतात."

त्यांचा हात सुपात थांबला. त्या रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. शांतपणे, एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाल्या, "ती लोकांची पोरां. ह्या माझा."

मी परत निघाले. चाळीच्या टोकाशी आल्यावर एवढंच मनात आलं, की ती दुधाची डबी त्या रोज धुऊन परत द्यायच्या. अगदी स्वच्छ.

शैलाला बाळंतपण आणि कांजिण्या एकदमच आल्या. मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला आईपासून वेगळं ठेवलं, पण वेगळं ठेवायची वेळ त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. तिच्याही अंगावर फोड आले, मग छाती भरली. शैलाला स्वतःलाच इतका ताप होता, की मुलगी गेल्याचं तिला उशिरा सांगितलं. नाव ठेवलं नव्हतं.

ती घरी आल्यावर एकदा काकू आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी आल्या. हातात फडक्यानं झाकलेलं भांडं होतं. वॉचमननं खालून हाक मारली. शैला गॅलरीतच उभी होती, काकूंना ती दिसत होती आणि तिला काकू.

"त्यांना सांग," ती वरून वॉचमनला म्हणाली, "घरी कोणी नाही."

काकूंनी भांड्यावरचं फडकं सारखं केलं. मग भांडं घेऊन गेल्या.

बेबीचं लग्न चैत्रात ठरल्याप्रमाणे झालं. कपाळावर एकच खड्डा राहिला होता, तो कुंकवाखाली गेला. मी गेले नाही. सोसायटीतल्या बऱ्याच जणी गेल्या. महिन्याभरात त्यांची मुलंही पुन्हा त्या सतरंजीवर जायला लागली. शैलानं गॅलरीतून ते पाहिलं. त्या बायकांचा राग करायला माझ्याकडे वेळ नव्हता. सगळ्यांना नोकऱ्या होत्या आणि दुसरी सोय नव्हती, हे मलाही कळत होतं. पण त्यांतली एक, ज्यांच्या मुलाला गोळी देऊन आणलं होतं त्या साहेबांची बायको, जिन्यात शैलाला म्हणाली, "काही म्हण, तब्येतीच्या बाबतीत काकू कडक आहेत हं." त्यानंतर शैलानं जिन्यात कुणाशी बोलणं सोडलं. वर्षभरात ती जागा विकून मुलुंडला गेली. सासूबाई आमच्याकडेच राहिल्या, म्हणून पूर्वाची सोय झाली.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते दोनेक वर्षांनी. नदीपलीकडे बाजार भरायचा. मी आणि पूर्वा भाजी घेऊन चाळीच्या वाटेनं परतत होतो. काकूंच्या दाराच्या चौकटीला कडुलिंबाचे ताजे डहाळे बांधलेले होते. मी थबकले. मग लक्षात आलं, कुणी आजारी नव्हतं. बाहेर दोरीवर दुपट्यांची रांग वाळत होती. बेबी बाळंतपणाला आलेली.

एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन सतरंजीवर सोडायला आली होती. काकूंनी दोन हात पसरून चौकट अडवली होती.

"थंयच ऱ्हव. आत बाळंतीण असा. आधी त्याचो शर्ट वर कर." त्यांनी मुलाच्या पोटावरून, पाठीवरून हात फिरवला, बगलेत पाहिलं, मान वळवून कानामागे पाहिलं. इतकं बारकाईनं त्यांनी पूर्वाला कधी पाहिलं नव्हतं. "ह्यां काय ता?"

"डास चावलाय हो काकू. खरंच."

"घराक घेवन जा."

त्या वळल्या तेव्हा मी दिसले. त्यांनी मला ओळखलं. काही बोलतील म्हणून मी उभी राहिले. चौकटीवरचा त्यांचा हात खाली आला नाही.

पूर्वा मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत होती. तिनं माझी पिशवी ओढली.

"आई, आत या वेळी खरंच बाळ आहे?"

"खरंच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. तेवढ्यात आतून बाळ रडलं, आणि परबकाकूंनी पुढचं दारही ओढून घेतलं.